टीव्ही घ्यायचाय? आधी घरात टेप फिरवा, मग दुकान गाठा

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमचा १२ वर्षांचा ३२ इंची टीव्ही गेला. आधी उजव्या कडेला एक निळी रेघ आली, मग चार आल्या, मग नुसताच आवाज उरला. माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दोन दिवस मालिका ऐकून काढल्या आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "ऐकायचंच असेल तर आकाशवाणी काय वाईट होती?"

त्याच संध्याकाळी मी, हे आणि आमचे चिरंजीव इंदूरच्या राजेंद्रनगरहून निघालो. जेल रोडवर दोन दुकानं पाहिली, मग एका मोठ्या शोरूममध्ये शिरलो आणि तासाभरात ४८,००० चा ५५ इंची 'क्यूएलईडी' घेऊन मोकळे झालो. तीन आठवड्यांनी तोच टीव्ही धाकट्या दिरांच्या विजयनगरच्या फ्लॅटवर गेला, ४३,००० ला. घरचाच माणूस म्हणून पाच हजारांवर भागलं. त्यानंतर जे आधी करायला हवं होतं ते सगळं केलं, आणि दुसरा टीव्ही मात्र नीट निघाला. तुमच्या पदराला ही खार लागू नये म्हणून हे लिहितेय.

निघण्याआधी हाताशी ठेवा

- मोजायचा टेप आणि चार-पाच जुनी वर्तमानपत्रं
- पेन ड्राइव्ह: त्यात घरच्याच माणसांचा मोबाइलवर काढलेला एखादा व्हिडिओ आणि पूर्ण काळं, पूर्ण पांढरं, करडं आणि लाल अशी चार चित्रं
- टीव्ही लावायच्या भिंतीचा फोटो, प्लगचा बोर्ड दिसेल असा
- केबल किंवा डिशच्या बॉक्सचा मागच्या बाजूचा फोटो
- जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये द्यायचा असेल तर त्याचं मॉडेल आणि सापडलं तर जुनं बिल
- पक्कं बिल ज्याच्या नावे हवं त्याचं नाव-पत्ता आणि चालू मोबाइल क्रमांक, कारण पुढच्या सगळ्या तक्रारी त्याच क्रमांकावर नोंदल्या जातात

## १. कोण बघणार, काय बघणार, कुठे बसून बघणार

आम्ही चुकलो ते इथेच. शोरूममध्ये गेल्यावर आमच्या डोळ्यांसमोर होता तो चिरंजीवांचा शनिवार रात्रीचा सिनेमा. पण आमचा टीव्ही दिवसातून सहा तास चालतो, त्यातले पाच तास तो माई आणि नाना, म्हणजे माझे सासरे, बघतात. माईंच्या मराठी मालिका, नानांच्या बातम्या आणि क्रिकेट, आणि हे सगळं केबलवर.

नवा टीव्ही लागला, माईंची मालिका सुरू झाली आणि पाच मिनिटांत त्या म्हणाल्या, "या बाईच्या तोंडावर मेण ओतलंय का गं?" खरंच तसं दिसत होतं. जवळ जाऊन पाहिलं तर नायिकेच्या केसांचा एक सपाट काळा गोळा झालेला, आणि नथीच्या जागी नुसता पिवळा ठिपका.

कारण अगदी साधं आहे. आमचा केबलचा बॉक्स जुना, साध्या म्हणजे एसडी चित्राचा. त्यात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, साधारण सव्वाचार लाख. आमच्या नव्या फोरके पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. एका ठिपक्याचे वीस करायचे तर उरलेले एकोणीस टीव्ही अंदाजानं भरतो, आणि पडदा जितका मोठा तितका तो अंदाज उघडा पडतो. जुन्या ३२ इंचीवर हेच चित्र बरं दिसायचं, कारण तिथे ताणायला फारशी जागाच नव्हती.

तेव्हा घरात केबल किंवा डिश असेल तर टीव्हीआधी बॉक्स बदलायचा विचार करा. एचडी, म्हणजे जास्त ठिपक्यांच्या चित्राचा, बॉक्स घ्या आणि बघता त्या चॅनेलांची एचडी आवृत्ती पॅकमध्ये आहे का ते पाहा. आपल्याकडे यात आणखी एक मेख आहे. इंदूरच्या केबलवाल्याचा नेहमीचा पॅक हिंदी असतो, मराठी चॅनेलं त्यात वेगळी घालून घ्यावी लागतात, आणि नुसतं "मराठी लगा दो" म्हटलं की तो स्वस्तातली एसडी लावून जातो. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी आवृत्त्या आहेत. नावापुढे 'एचडी' लिहून चिठ्ठीच हातात द्या. मी तेच केलं, आणि घरातली निम्मी तक्रार टीव्ही न बदलताच मिटली.

उरलेली निम्मी नानांची होती. ती तिसऱ्या पायरीवर येईल.

## २. इंच डोक्यातून काढा, भिंतीवर कागद चिकटवा

टीव्हीचे इंच म्हणजे तिरका कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. घरात उपयोगी पडते ती रुंदी आणि उंची. नुसत्या पडद्याची मापं साधारण अशी:

- ३२ इंच: ७१ सेंमी रुंद, ४० सेंमी उंच
- ४३ इंच: ९५ बाय ५४
- ५० इंच: १११ बाय ६२
- ५५ इंच: १२२ बाय ६८
- ६५ इंच: १४४ बाय ८१

या मापाचे वर्तमानपत्राचे कागद जोडून भिंतीवर लावा आणि दोन दिवस राहू द्या. आमच्याकडे नईदुनियाचे अंक आठवडाभर भिंतीवर होते. येणारा-जाणारा विचारायचा, पण कुठल्या मापाला कपाटाचं दार पूर्ण उघडत नाही ते त्यावरून आधीच कळलं. पहिल्या खेपेला हे आम्ही टीव्ही लागल्यावर शोधून काढलं होतं.

अंतराचा ठोकताळा असा: चांगलं चित्र बघायचं असेल तर कर्णाच्या सव्वा ते दीडपट, फार तर पावणेदोनपट अंतरावर बसा. ५५ इंचीसाठी हे पावणेसहा ते आठ फूट होतं, ४३ इंचीसाठी साडेचार ते सव्वासहा फूट. त्याहून लांब बसलात तर काही बिघडत नाही, फक्त फोरकेचा बारकावा डोळ्याला कळत नाही. आणि बहुतेक वेळ एसडी चॅनेलच बघायचं असेल तर लहान पडदा आणि जास्त अंतर हेच बरं.

उंचीचं एवढंच, की सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांची रेघ पडद्याच्या मध्याच्या जरा खालीवर पडावी. दुकानातल्यासारखा छताजवळ टांगलात तर महिन्याभरात मान बोलायला लागते. देवघराच्या पातळीला टीव्ही नेऊ नका, असं नाना म्हणतात. त्यांचं कारण वेगळं आहे, पण सल्ला बरोबर आहे.

रामबागेतल्या किंवा जुन्या पेठेतल्या वाड्यात राहत असाल तर जिनाही मोजा. ६५ इंची टीव्हीचं खोकं उभंच न्यायचं असतं, आडवं टाकायचं नसतं, आणि जुन्या जिन्याच्या वळणावर ते अडकतं.

## ३. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी: हे नेमकं काय

दुकानात पाट्या पाच-सहा दिसतात, पण जाती दोनच. एकीत पडद्यामागे दिवे असतात, दुसरीत पडदाच उजळतो.

एलईडी म्हणजे एलसीडीच. एलसीडीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. तो लाखो बारीक झडपांसारखा मागचा उजेड अडवतो किंवा सोडतो. पूर्वी मागे बारीक ट्यूबलाइटी असायच्या, आता एलईडी असतात, म्हणून नाव बदललं. क्रिस्टल, नॅनोसेल, क्यूएनईडी ही कंपन्यांची आपापली नावं, त्यांच्याही मागे दिवेच. झडप कितीही मिटली तरी थोडा उजेड झिरपतोच, त्यामुळे रात्रीच्या प्रसंगात काळा रंग राखाडी दिसतो.

क्यूएलईडी मध्येही मागे दिवेच, पण निळे. त्यांच्यापुढे क्वांटम डॉट्सचा पातळ थर असतो. हे इतके सूक्ष्म कण आहेत की त्यांच्या आकारावरून त्यांच्या उजेडाचा रंग ठरतो. या कणांच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यानं लाल आणि हिरवा रंग जास्त शुद्ध होतो, चित्र भरदार दिसतं. पण काळ्याचा प्रश्न यानं सुटत नाही. 'क्यू' या अक्षरानं आम्ही भुललो ते ओएलईडीशी नाव जुळतं म्हणून. वाचताना क्यू आणि ओ यांत एका शेपटीचा फरक, आणि आत अख्खी जात वेगळी.

मिनी एलईडी मध्ये मागचे दिवे अगदी बारीक आणि हजारोंनी असतात. त्यांचे गट करून चित्रातल्या काळ्या भागामागचे दिवे मंद करता येतात. या गटांना झोन म्हणतात, आणि विचारायचा प्रश्न हाच: "झोन किती?" आकडा सांगता येत नसेल तर त्या नावाचे जास्तीचे पैसे देऊ नका. दिवसा भरपूर उजेड असणाऱ्या खोलीत चांगलं चित्र हवं असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर माझं मत यालाच.

ओएलईडी ची गोष्ट वेगळी. इथे मागे दिवेच नाहीत, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळं दाखवायचं म्हणजे तो ठिपका चक्क बंद. अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहिला की बाकी सगळे टीव्ही धुतलेले वाटतात, आणि कुठल्याही बाजूनं पाहिलं तरी रंग तेच राहतात. पण दोन गोष्टी आधी समजून घ्या. एक, महिनोन्महिने पडद्यावर एकाच जागी असलेलं चित्र, म्हणजे बातम्यांची खालची पट्टी किंवा चॅनेलचं चिन्ह, ठसा सोडू शकतं. ज्या घरात सकाळी सातपासून बातम्या लागतात तिथे मी ओएलईडी घेणार नाही. दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ओएलईडी रिमोटनं बंद केल्यावर स्टँडबायमध्ये राहून आपल्या ठिपक्यांची दुरुस्ती करतो. आपल्या घरांत रात्री झोपताना भिंतीवरचा बोर्ड खट्कन बंद करायची सवय असते. रोज असं केलंत तर ती दुरुस्ती कधी होतच नाही.

आता नानांची तक्रार. नाना समोरच्या सोफ्यावर बसत नाहीत. त्यांचा दिवाण खिडकीखाली, टीव्हीच्या बाजूला तिरका, आणि ती जागा ते कुणासाठी सोडणार नाहीत. तिथून नव्या टीव्हीवर हिरवं मैदान पिवळट दिसायचं आणि खेळाडूंचे चेहरे फिक्कट. आम्ही आठ दिवस सेटिंग बदलत बसलो. सेटिंगचा काही संबंधच नव्हता.

मागून दिवे असलेल्या टीव्हीत पडद्याचेही दोन मुख्य प्रकार असतात. व्हीए पडद्यात काळा रंग चांगला गडद येतो, पण समोरूनच. बाजूला सरकलात की रंग उडतात. आयपीएस मध्ये काळा तितका गडद नसतो, पण तिरकं बसूनही चित्र बऱ्यापैकी टिकतं. खोक्यावर हे सहसा लिहिलेलं नसतं आणि विक्रेत्यालाही बहुधा ठाऊक नसतं. म्हणून स्वतः बघा. पडद्यावर माणसाचा चेहरा लावायला सांगा आणि बाजूला चालत जा, पार टीव्हीच्या रेषेत येईपर्यंत. रंग कुठे उडायला लागतात ते लक्षात ठेवा आणि घरचा दिवाण तिथे मनात मांडून बघा.

आम्ही दुसऱ्यांदा ४३ इंची साधा फोरके एलईडी घेतला, आयपीएस पडद्याचा, २९,००० ला. पाट्यांच्या उतरंडीत तो क्यूएलईडीच्या खालचा. नानांना मात्र दिवाणावरून चेंडू दिसतो.

## ४. एचडी रेडी, फुल एचडी, फोरके, एटके

३२ इंचीत एचडी रेडी (१३६६ गुणिले ७६८) चालतो. स्वयंपाकघरात किंवा आजोबांच्या खोलीत तेवढं पुरे. जमलं तर फुल एचडी (१९२० गुणिले १०८०) घ्या. ४३ आणि त्यापुढे बाजारात बहुतेक फोरकेच मिळतात, तेव्हा फार विचार करायला नको. फोरकेच्या चौपट ठिपक्यांच्या एटकेच्या वाटेला जाऊ नका, त्यात बघायला काही नाही.

फोरके ओटीटीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सिनेमा-मालिकांच्या ॲपवर, बघायचं असेल तर इंटरनेटला टिकून १५ ते २५ एमबीपीएसचा वेग हवा, तोही टीव्ही जिथे आहे तिथे. राउटर एका टोकाला आणि टीव्ही दुसऱ्या टोकाला असेल तर लॅनची तार ओढून घ्या. शिवाय काही ओटीटी कंपन्या फोरके फक्त सगळ्यात महाग प्लॅनमध्येच देतात. टीव्ही फोरके, इंटरनेट पुरेसं आणि चित्र तरी साधंच असं झालं तर प्लॅन तपासा.

## ५. खोक्यावरचे बाकी शब्द

एचडीआर: जवळपास सगळ्या खोक्यांवर असतो. चित्रातला उजेड आणि अंधार यांतली तफावत नीट दाखवणं हे त्याचं काम. त्यासाठी पडदा प्रखर उजळावा लागतो, आणि हे निट्समध्ये मोजतात. स्वस्त टीव्ही २५० ते ३०० निट्सपर्यंत जातात, तिथे एचडीआर नावापुरताच. डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचाच एक प्रकार, त्याचंही तेच: पडदाच मंद असेल तर तो शिक्का काही करत नाही.

हर्ट्झ: पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा. साधे टीव्ही ६० चे, चांगले १२० चे. पाटीवर 'मोशन' असं काहीतरी नाव देऊन २४० किंवा ८०० लिहिलेलं असेल तर तो जाहिरातीतला आकडा. "नेटिव्ह रिफ्रेश रेट किती?" असं विचारा. घरात गेम खेळणारं कुणी नसेल तर ६० नं काही अडत नाही.

आवाज: आताचे टीव्ही इतके पातळ की स्पीकरला जागाच नाही. २० वॉटची जोडी असली तरी तोंड खाली किंवा मागे. ऐकू कमी येणारी माणसं घरात असतील तर साउंडबारसाठी चार-पाच हजार बाजूला ठेवा आणि त्यासाठी एचडीएमआय एआरसीचं, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारला पोचवणारं, सॉकेट आहे ना ते पाहा. आम्ही नानांसाठी ब्लूटूथ हेडफोन घेतला. घरात इतकी शांतता आली, की शेजारच्या काकू विचारायला आल्या, नाना गावाला गेलेत का म्हणून.

सॉकेटं: एचडीएमआय किमान तीन हवीत. बॉक्स, साउंडबार आणि एखादं जास्तीचं. ती पाठीमागे आहेत की बाजूला तेही पाहा. भिंतीला चिकटवून लावलात तर मागच्या सॉकेटात हात जात नाही.

## ६. स्मार्ट म्हणजे किती स्मार्ट

पडदा दहा वर्षं टिकतो, त्यातलं सॉफ्टवेअर चार वर्षांत दमतं. गूगल टीव्ही, सॅमसंगचं टायझन, एलजीचं वेबओएस, ॲमेझॉनचं फायर टीव्ही यांपैकी कुठलंही चालेल, तुमची ॲप त्यात आहेत एवढं पाहा. रॅम दोन जीबीच्या खाली आणि साठवण आठ जीबीच असेल तर वर्षभरात रिमोटचं बटण दाबून चहा ठेवायला जाता येतं. टीव्ही मंदावला म्हणून तो बदलायला मात्र जाऊ नका. ओटीटीची ॲप चालवणारी तीन-चार हजारांची स्टिक मागे एचडीएमआयच्या सॉकेटात लावली की काम होतं. म्हणूनच मी पैसा पडद्यावर घालीन, स्मार्टपणावर नाही.

रिमोट हातात घेऊन पाहा. माईंना आवाज आणि चॅनेल यांची ठळक बटणं लागतात. नव्या रिमोटांवर आकडेच नसतात, सगळं पडद्यावर शोधायचं. सेट-टॉप बॉक्सचा रिमोट वेगळा असतो म्हणून आमचं निभावलं.

## ७. दुकानात

दुकानातला टीव्ही घरी तसा कधीच दिसत नाही. तिथे तो 'स्टोअर' किंवा 'विव्हिड' मोडवर असतो, उजेड पूर्ण वर, आणि समोर फुलं, मासे, फळांचे तुकडे यांची कंपनीनं दिलेली फिल्म. त्यात वाईट दिसणारा टीव्ही मी अजून पाहिलेला नाही. म्हणून या क्रमानं जा:

1. पिक्चर मोड 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' करायला सांगा.
2. दुकानाच्या केबलवर बातम्यांचं एखादं साधं चॅनेल लावायला सांगा. इथे विक्रेता कुरकुरतो. "अरे भिया, ये तो फोरके है, इसमें केबल क्यों देखना?" आमचे हे हसून म्हणाले, "घर पे माई बैठी हैं ना!" मग त्यानं लावलं.
3. पेन ड्राइव्हवरचा घरच्या माणसांचा व्हिडिओ लावा. अनोळखी नटीचा रंग खरा की खोटा ते आपल्याला कळत नाही, आपल्या भाच्याचा कळतो.
4. करडं चित्र लावून पडद्यावर ढगांसारखे डाग आहेत का बघा, आणि काळं लावून कोपऱ्यांतून उजेड झिरपतो का ते.
5. बाजूला चालत जा. वर सांगितलंय.

घाई लावणारी वाक्यं ठरलेली असतात: आज शेवटचा दिवस, शेवटचा पीस, उद्यापासून भाव वाढणार. त्या मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या, फोटो काढा आणि छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन काहीतरी खा. एकाच नावाच्या टीव्हीत क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरांवरून पडदा आणि वर्ष बदलतं. ऑनलाइन आणि दुकान यांचा भाव ताडायचा तो पूर्ण क्रमांकावरूनच.

स्टॅबिलायझर गळ्यात मारतील. टीव्हीच्या पाठीवरची पट्टी वाचा. बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे चढउतार तो स्वतः सांभाळतो. तुमच्या भागात दाब २४० च्या बराच वर जात असेल तर गोष्ट वेगळी. एरवी विजेचा अचानक येणारा झटका अडवणारा चांगला सर्ज प्रोटेक्टर आणि भिंतीत खरी अर्थिंग हवी. पावसाळ्यात वीज कडाडली की प्लग आणि डिशची तार दोन्ही काढा.

ऊर्जेच्या स्टारच्या लेबलावर वर्षाची युनिटं छापलेली असतात, ती दोन मॉडेलांत ताडून बघा. साधा हिशेब: १०० वॉटचा टीव्ही रोज सहा तास चालला तर वर्षाला २१९ युनिटं. हा आकडा ऐकून नाना खूश झाले, कारण २०११ मध्ये आपल्या होळकर स्टेडियमवर सेहवागनं नेमक्या २१९ केल्या होत्या. विजेच्या बिलावर एवढं हसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

## ८. पैसे देताना: बिल, कर, वॉरंटी

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर "जीएसटी अलग" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. आणि "बिल नको असेल तर हजार कमी" याला तर मुळीच भुलू नका. बिल नाही तर वॉरंटी नाही.

घेताना हे कागद पदरात पाडून घ्या:

- जीएसटी क्रमांकासह पक्कं बिल, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर, आणि तोच नंबर खोक्यावर आणि टीव्हीच्या पाठीवर
- वॉरंटी कार्ड किंवा ऑनलाइन नोंदणीचा मेसेज
- एक्स्चेंज केलं असेल तर त्याची किंमत बिलात वेगळी
- वाढीव वॉरंटी घेतली असेल तर ती कंपनीची की तिसऱ्याच कुणाची, हे लिहिलेला कागद

शेवटचा मुद्दा नीट वाचा. पडदा फुटला तर ते कुठल्याच साध्या वॉरंटीत बसत नाही, आणि नवा पडदा जवळजवळ नव्या टीव्हीच्या भावात पडतो. लहान मुलं असतील तर हा धोका खरा आहे, तेव्हा वाढीव वॉरंटीत तो धरलाय का ते त्या कागदावर बघा.

जेल रोडसारख्या बाजारात बिननावाचे, जुळवून केलेले टीव्हीही निम्म्या भावात मिळतात. पाठीमागे बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि 'आर' नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का पाहा. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो. पुढे तक्रारीची वेळ आलीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

## ९. घरी आल्यावर

खोकं स्वतः उघडू नका. कंपनीचा माणूस येईपर्यंत ते उभंच ठेवा आणि त्याच्यासमोर उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. पेन ड्राइव्हवरची चार चित्रं पुन्हा लावा, मेलेला ठिपका किंवा रेघ असेल तर त्याच क्षणी सांगा, आणि तो गेल्यावर नव्हे तर तो असताना त्याच्या कागदावर लिहून घ्या. सही त्यानंतर.

पहिल्यांदा चालू केल्यावर टीव्ही विचारतो, घर की दुकान? घर निवडा. आमच्या पहिल्या टीव्हीवर बसवणाऱ्यानं घाईत 'स्टोअर' केलं होतं, त्यामुळे आम्ही केलेली सेटिंग्ज थोड्या वेळानं आपोआप पुसली जायची. मग पिक्चरच्या मेनूत जाऊन 'मोशन स्मूदिंग'सारखं जे काही नाव असेल ते बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा दिसतो. 'नॉइज रिडक्शन' एसडी चॅनेलवर कमी करा. माईंच्या नायिकेच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं मेण त्यानं उतरलं.

भिंतीवर लावायचा असेल तर घट्ट बसणाऱ्या ब्रॅकेटपेक्षा बाहेर ओढता येणारा घ्या. शे-दोनशेंनी नाही, चांगला हजारानं महाग पडतो, पण दर वेळी तार लावायला टीव्ही उतरवावा लागत नाही आणि दिवाणाकडे वळवताही येतो. टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांचं अंतर मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, २०० बाय २०० वगैरे, त्याला 'व्हेसा' माप म्हणतात. ब्रॅकेट त्या मापाचा हवा. पीओपीच्या नुसत्या पार्टिशनवर टांगू देऊ नका.

## १०. जुना टीव्ही

एक्स्चेंजमध्ये जुन्याचे फारसे येत नाहीत, आमच्या बंद ३२ इंचीचे ५०० मिळाले. मागे मोठं नळकांडं असलेला जुना खोका घरात पडून असेल तर तो भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी तो नीट निकालात काढायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, तेव्हा नवा घेताना विक्रेत्याला जुना उचलायला सांगा आणि अधिकृत ई-कचरा केंद्राकडे जाईल ना, ते विचारा.

आमचा तो नळकांड्याचा खोका अजून माळ्यावर आहे. नाना म्हणतात, २१९ त्याच्यावर पाहिल्यात, राहू दे. यंदा दिवाळीची साफसफाई काढली की पुन्हा विचारणार आहे.